ज्यानं मागितलं, त्याच्याच खिडकीत

दालच्यात चिंच घालायची की कोकम, हे अन्सारी सरांनी मला एका सोमवारी सांगायला घेतलं आणि शुक्रवारी सांगून संपवलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं होतं. सर म्हणाले, "हे बघा ताई, डाळ मऊ शिजली, दुधी टाकला, आता आंबटाला..." आणि तेवढ्यात सिन्नरच्या लॅबचा फोन आला. सर उठून गेले. मग ते मालेगावला घरी गेले, मग मी रजेवर, आमची गाठच पडली नाही. शुक्रवारी मी ऑफिसचा जिना चढत होते आणि सर उतरत होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझ्या पायरीवर थांबले, म्हणाले, "चिंच. कोकम चालणार नाही," आणि खाली निघून गेले.

मी तिथेच खुळ्यासारखी उभी. कसलं कोकम, कसली चिंच? ट्यूब पेटायला मला वरच्या मजल्यापर्यंत जावं लागलं. मग मात्र मला या माणसाची जी उत्सुकता लागली ती आजतागायत गेलेली नाही.

आमचं ऑफिस नाशिकला, द्वारका चौकात, टायरच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर हवा भरायचा आवाज आणि चौकातले हॉर्न, वर आम्ही. आम्ही रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. 'आम्ही' म्हणायचं आपलं. करायचे अन्सारी सर. साहेब, म्हणजे आमचे मालक, ते विकायचे. आणि मी फोन घ्यायचे. येवल्याहून फोन आला की प्रिंट निघत नाही, तर विचारायचं, प्रिंटर चालू आहे का ताई? दहातल्या नऊ वेळा तो बंदच असायचा. कोड कशाशी खातात हे मला आजही ठाऊक नाही. जे काही कळलं ते सरांनी तोंडी सांगितलेलं, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी.

सर उंच, किडकिडीत, पांढरी दाढी बारीक कातरलेली. बोलणं मात्र असं, की खालच्या टायरवाल्याला ऐकू जावं. एकदा साहेबांनी सांगितलं, सर, जरा हळू. सर म्हणाले, "साहेब, आमच्याकडे घरात माग चालायचे. मागांच्या खडखडाटात हळू बोलणं म्हणजे न बोलणंच." वडील मालेगावात यंत्रमाग चालवायचे. सर तिथेच वाढले, त्याच आवाजात अभ्यास केला. मुलाखतीला आले तेव्हा म्हणे साहेबांनी विचारलं, गोंगाटात काम जमेल का, खाली चौक आहे. सर म्हणाले, शांततेत जमेल का ते मला सांगता येणार नाही.

त्यांच्या टेबलावर माऊस नसायचा. म्हणजे कंपनीनं दिलेला होता, पण त्यांनी तो वायरीसकट मॉनिटरच्या मागे टाकून दिला होता. कोणी माऊस धरला की त्यांचा जीव तुटायचा. "अहो, द्वारकेवरून नाशिकरोडला जायला त्र्यंबकवरून कशाला जाता?" असं म्हणायचे. सगळं कीबोर्डवर. त्यातही कंट्रोल आणि टॅब या दोन बटणांवर तर त्यांचा डावा हात मुक्कामालाच असायचा. त्या बटणांवरची अक्षरं पार पुसून गेली होती.

या दोन बटणांचं काम काय, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठी खिडकी उघडायची आणि तिच्या पोटात छोट्या खिडक्या. एका पेशंटची एक खिडकी. एकाच वेळी चार पेशंट बाकावर बसलेत, तर चार खिडक्या उघड्या. कंट्रोल-टॅब दाबलं की समोरची मागे जायची आणि दुसरी पुढे यायची. या छोट्या खिडक्यांना त्यांच्या धंद्यात 'चाइल्ड' म्हणतात. सर लेकरं म्हणायचे. "आई एक, लेकरं अनेक. आईनं सगळ्यांकडे बघायचं, पण एका वेळी एकच लेकरू पुढे."

आणि सरांचा सगळा जीव होता तो या पुढे-मागे करण्यात. एखादी खिडकी मागे गेली आणि पुन्हा समोर आली, तर कर्सर बरोबर त्याच जागी लुकलुकला पाहिजे. निम्मं नाव टाइप करून गेला असाल तर त्या निम्म्या नावाच्या शेवटच्या अक्षरापाशी. साहेबांना हे सगळं फालतू वाटायचं. ते म्हणायचे, "सर, माणूस परत आला की शोधेल ना कुठे होता ते."

सर म्हणाले, "साहेब, एक माणूस चार-सहा माग बघतो. धागा तुटला की माग आपोआप थांबतो. कुठे थांबतो? तुटल्या जागी. तुम्ही दुसऱ्या मागावर जा, चहा पिऊन या, एखादं लग्न लावून या. परत आलात की तो तिथेच उभा. गाठ मारा आणि चालू करा. माग कधी म्हणत नाही, शोधा मी कुठे थांबलो ते."

साहेब म्हणाले, "हे तुम्ही लॅबवाल्यांना सांगू नका फक्त."

आता दालच्याचं कोडं माझ्यापुरतं सुटलं होतं. या माणसाच्या डोक्यातही तसंच होतं. गप्पा जिथे तुटायच्या तिथे त्यांच्या आत काहीतरी थांबून राहायचं, आणि माणूस पुन्हा समोर आला की गाठ मारून पुढे सुरू. मधल्या काळात तुमच्याकडे पाहुणे येऊन गेले, तुम्ही आजारी पडलात, सरकार बदललं, त्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. मी मुद्दाम करून बघायचे. एकदा विचारलं, सर, तुमच्या वडिलांचं नाव काय? आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत फोन आल्याचं नाटक करून पळाले. दोन दिवसांनी मी बेसिनपाशी डबा धूत होते, मागून मोठ्यानं आवाज आला, "अब्दुल रहीम." हातातला डबा पडला माझ्या.

त्यांच्या बेगम एकदा ऑफिसात आल्या होत्या. मी कौतुकानं सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हाला मजा वाटते. हे नळ सुरू ठेवून पेपर बघायला जातात. परत बरोबर नळाशीच येतात, हो. पण माणसं थांबतात, नळ थोडाच थांबतो?" सर बाजूला उभे राहून दाढी खाजवत होते. हा मुद्दा त्यांनी कबूल केला होता असं दिसलं.

लॅबच्या मुलींना शिकवायला सर स्वतः जायचे. त्यात त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी म्हणजे सटाण्याच्या लॅबमधली वैशाली. तिशीच्या आतली, बोलायला कमी, हात मात्र विजेसारखा. तिनं सरांसमोर माऊस उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि सरांना जिंकलं. "ताई, ती पोरगी खिडक्या बदलते ना, बघत राहावं. एका पेशंटचं काम मशीनवर लावते, तोवर दुसऱ्याचं नाव टाकून मोकळी. वाट बघणं तिला माहीतच नाही." दुसऱ्या लॅबमध्ये कोणी हळू चाललं की सर वैशालीचं उदाहरण द्यायचे. मला तर कधी न बघितलेल्या त्या वैशालीचा रागच यायला लागला होता.

मग मशीन जोडायची टूम निघाली. आधी रक्त तपासायचं मशीन आकडा दाखवायचं आणि मुली तो बघून टाइप करायच्या. आता मशीनची वायर थेट कॉम्प्युटरला. खिडकीतलं 'निकाल आणा' हे बटण दाबलं की मशीनकडून आकडा आपोआप रिपोर्टमध्ये. सरांनी ते काम केलं आणि सगळीकडे बसवून दिलं. सगळे खूश. पुढे काही महिने माझे फोनसुद्धा कमी झाले होते.

एका सकाळी सटाण्याच्या डॉक्टरांचा फोन आला. ते फोनवर ओरडतच होते. त्यांच्याकडे एका शिक्षिकेची तपासणी झाली होती. रिपोर्टात साखर तीनशेच्या वर. बाई घाबरून नाशिकला आल्या, इथे दोन ठिकाणी तपासलं, तर साखर अगदी सरळ. कशाचीच तक्रार नाही. आता बाईंचे यजमान लॅबमध्ये येऊन बसले होते. डॉक्टर म्हणाले, "आमच्या वैशालीनं घोळ घातलाय की तुमच्या सॉफ्टवेअरनं, ते आज मला सांगा. तिचा घोळ असेल तर मी तिला आजच घरी पाठवतो."

मी फोन स्पीकरवर टाकला होता. साहेबांनी मला खुणेनं गप्प केलं, स्वतः बोलले, आम्ही बघतो डॉक्टर, आणि फोन ठेवला. मग म्हणाले, "टायपिंगची चूक. तसंच सांगायचं. दुसरं काही बोलायचं नाही." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. त्या शिक्षिकेला काही झालेलं नाही, उलट बरंच झालं, मग उगाच कशाला वाढवा, असं मलाही वाटलं.

सर मागे उभे होते. ते म्हणाले, "मग ती साखर कोणाची?"

साहेब मागे वळले. सर म्हणाले, "आता कोणी टाइप करत नाही. आकडा मशीनमधून येतो. मशीननं कोणाचं तरी रक्त मोजलं तेव्हाच तीनशे आले ना? तो माणूस कुठे आहे? त्याच्या हातात काय रिपोर्ट दिलाय आपण?"

खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही सगळे ज्या बाईला काही झालं नव्हतं तिच्याविषयी बोलत होतो. ज्याला झालं होतं तो कुठेतरी गोडधोड खात हिंडत होता, आपण ठणठणीत आहोत असं समजून.

साहेबांनी गाडी दिली. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही बरोबर जा. डॉक्टरांशी तुम्ही बोला. सर तोंड उघडतील आणि सगळ्या सटाण्याला ऐकू जाईल." म्हणजे माझी नेमणूक सरांच्या तोंडावर. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, देवळा आलं, तरी सर गप्प. मी मनात म्हटलं, असेच राहिले तर माझं काम सोपं आहे.

लॅबमध्ये वैशाली बसली होती. रडून डोळे सुजलेले. मी जिचा राग राग करत होते ती ही एवढीशी पोरगी. डॉक्टर हाताची घडी घालून उभे, बाहेर बाकावर पेशंट. सरांनी एक स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "बेटा, गर्दीच्या दिवशी करतेस तसं कर. मी इथे नाहीच असं समज."

तिनं सुरू केलं. सर स्क्रीनकडे बघतच नव्हते, तिच्या बोटांकडे बघत होते. तिनं एका पेशंटच्या खिडकीत 'निकाल आणा' दाबलं आणि लगेच कंट्रोल-टॅब. ती खिडकी मागे, दुसऱ्याची पुढे, नाव टाइप करायला सुरुवात. मशीनवर काम जास्त होतं, ते रेंगाळलं. मग आकडा आला. आणि आला तो समोरच्या खिडकीत. ज्याच्यासाठी मागवला होता तो मागे होता, आणि ज्यानं मागवलाच नव्हता त्याच्या नावापुढे जाऊन बसला. वैशालीला कळलंही नाही. ती त्या वेळी कागदावरचं नाव वाचत होती.

"परत कर," सर म्हणाले. तिनं परत केलं. पुन्हा तेच. आता दुसऱ्याचा निकाल मागवला आणि ती पहिल्याकडे परत आली, तर तो आकडा पहिल्याच्या खिडकीत. दोघांची अदलाबदल. दोन्ही रिपोर्ट भरलेले, नीटनेटके, कुठे काही मोकळं नाही.

सरांनी स्टूल मागे सरकवलं. एरवी मशीन पटकन उत्तर द्यायचं, म्हणून कधी दिसलं नव्हतं. आणि बाकीच्या लॅबमधल्या मुली आकडा येईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसायच्या, त्यांच्याकडे हे होण्याचा प्रश्नच नव्हता. हे होणार होतं फक्त तिच्या हातून, जी थांबत नव्हती. जी सरांचं सगळं ऐकत होती. मला एवढं कळलं तेव्हा सरांना ते कधीच कळून चुकलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

मी तोंड उघडणार, काहीतरी गुळमुळीत बोलणार, तोच सर उभे राहिले. आणि मागांच्या खडखडाटात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चूक हिची नाही. चूक माझी आहे. मी प्रोग्रामला विचारायला लावलं की समोर कोण आहे. विचारायला पाहिजे होतं की मागितलं कोणी. ही पोरगी मी शिकवलं तस्संच करत होती." बाहेरचा सगळा बाक आत डोकावत होता. सटाण्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, बाजारपेठेपर्यंत नक्की गेलं असेल. साहेबांनी माझ्यावर सोपवलेलं काम तिथेच निकालात निघालं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

वैशाली तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. डॉक्टरांनी घडी सोडली. मग शोधाशोध. वैशाली पेशंट जोडीनं घ्यायची, म्हणजे शिक्षिकेच्या लगेच आधीचा किंवा लगेच नंतरचा. आधीची एक तापाची लहान मुलगी, तिची साखर तपासलीच नव्हती. नंतरचे सोनवणे म्हणून एक बाबा, पायाची जखम भरत नाही म्हणून आलेले. रिपोर्ट एकदम चांगला. फोन लावला तर बंद. गाव आरम नदीपलीकडे. सर म्हणाले, चला.

वैशालीला बरोबर घेतलं. गावात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. बाबा ओसरीला लागून असलेल्या खोलीत खाटेवर बसले होते, पायाला फडकं गुंडाळलेलं. डाळिंबाच्या बागेत काटा लागला होता. वैशालीनं बोटातून थेंबभर रक्त काढलं, छोट्या मशीनवर घातलं आणि ओसरीवर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. आकडा तिनं हळू आवाजात सांगितला. मी सुनेबरोबर चुलीपाशी. सून म्हणत होती, "रिपोर्ट चांगला उना ना ताई, म्हणून आम्ही निवांत व्हतो. नुसतं मलम लावत व्हतो. बाबा आधी मालेगावला व्हते, इकडे शेतीवर आल्यापासून कधी दवाखाना माहीत नाय त्यांना."

तिथून मला दारातून खोली दिसत होती. सर जमिनीवर मांडी घालून बसले होते. बाबांचा तो पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता. सर काहीतरी सांगत होते. आश्चर्य म्हणजे हळू आवाजात, पहिल्यांदाच. बाबांनी काहीतरी विचारलं. सरांनी उत्तर दिलं. आणि बाबा हसले. असे हसले, की खाट हलली. सुनेच्या हातातला तवा तसाच राहिला.

आता मला सांगा, ज्या माणसाला कळलंय की आपल्याला चुकीचा रिपोर्ट दिला गेला, पाय धोक्यात आहे, तो हसेल कशाला? आणि ज्यानं चूक केली त्याच्यासमोर? मी चहाचा कप तसाच ठेवून आत जाणार होते, पण तेवढ्यात मुलगा पिकअप घेऊन आला आणि धावपळ सुरू झाली. बाबांना मागे गादी टाकून झोपवलं, मालेगावच्या दवाखान्यात पाठवलं. गाडी निघताना बाबांनी सरांकडे बघून हात वर केला.

परत येताना वैशालीला सटाण्यात सोडलं आणि गाडी सुरू झाल्या झाल्या मी विचारलं, "सर, बाबा हसले कशाला?"

सर म्हणाले, "अहो ताई, मी त्यांना म्हटलं, बाबा..." आणि त्यांचा फोन वाजला. साहेब. बातमी आमच्या आधी द्वारकेला पोहोचली होती. साहेब बोलत राहिले आणि सर 'हो, बरोबर, माझीच' एवढंच म्हणत राहिले, पार ओझर येईपर्यंत.

बाबांची करंगळी गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडे दिवस गेले असते तर पायाचं काही खरं नव्हतं. सरांना हे सांगितलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी डबा पुढे केला तर म्हणाले, "करंगळी म्हणजे छोटी गोष्ट आहे असं कोणी म्हणू नका हं ताई." मी म्हटलं, मी कुठे म्हणतेय? मलाही रडू आलं होतं.

प्रोग्राम त्यांनी एका बैठकीत दुरुस्त केला. मला बोलावून दाखवला, मला त्यातलं काय कळणार, पण ऐकलं. आधी लिहिलं होतं, जो समोर असेल त्याच्यात आकडा टाक. आता लिहिलं, ज्यानं मागितला त्याच्यात टाक, मग तो कितीही मागे गेलेला असो. मी म्हटलं, एवढंच? सर म्हणाले, "एवढंच. आणि एवढंच मी केलं नाही." मग पुढचे कितीतरी दिवस आम्ही एकेका लॅबला फोन करत होतो, गर्दीच्या दिवसांचे रिपोर्ट पुन्हा बघा म्हणून. दोन-चार ठिकाणी कोणीतरी घाईत न थांबता पुढे गेलेलं, तिथे गडबड निघाली, देवाच्या कृपेनं किरकोळ. प्रत्येक वेळी सर माझ्याकडून फोन मागून घ्यायचे आणि स्वतः सांगायचे, माझी चूक आहे. लोक ओरडायचे. सर ऐकून घ्यायचे. ऑफिसात मग ते वाक्यच होऊन बसलं. चहावाल्यानं भलत्यालाच कप दिला की सर ओरडायचे, "अरे, समोर कोण आहे ते बघू नको, मागितला कोणी ते बघ."

वैशालीची नोकरी टिकली. ती अजून माऊस वापरत नाही.

साहेबांनी मात्र या सगळ्यातून एकच अर्थ काढला, की खिडक्या फार झाल्या. नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरलं, इंटरनेटवर चालणारं, एका वेळी एकच पेशंट. एक संपवा, मग दुसरा. सरांनी भांडण केलं नाही. सगळं जुनं काम नीट बांधून दिलं, नव्या लोकांना समजावून सांगितलं. मला म्हणाले, "एका माणसानं एकच माग चालवायचा तर चालवू दे. त्यात वाईट काही नाही. पण मग माझी गरज काय?" आणि मालेगावला निघाले.

या सगळ्या दिवसांत मी त्यांना बाबांच्या हसण्याविषयी एकदाही विचारलं नाही. मुद्दाम. मी ठरवलं होतं, बघू तर खरं, हा माणूस स्वतःहून येतो का त्या वाक्याशी. दालच्याला आला होता, वडिलांच्या नावाला आला होता. रोज वाट बघायचे. शेवटच्या दिवशीही जिन्यापर्यंत गेले त्यांच्याबरोबर. सर म्हणाले, "येतो ताई," आणि उतरून गेले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. जाण्याचं वाटलंच, पण ते वाक्य तसंच राहिल्याचं जास्त. वाटलं, त्या दिवशीचा धक्काच तसा होता, गेलं असेल विसरून. माणूसच आहे शेवटी.

त्यानंतर काही वर्षं गेली. ते ऑफिस मी सोडलं, आता दुसरीकडे फोन घेते. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी द्वारकेच्या सिग्नलला स्कूटरवर अडकले होते. तिथली गर्दी तुम्हाला माहीतच आहे, हिरवा लागला तरी निघायला होत नाही. शेजारी मालेगावला जाणारी टॅक्सी, खच्चून भरलेली. मी काही बघतही नव्हते. आणि कानाशी असा आवाज आला, की पुढच्या रिक्षावाल्यानंसुद्धा वळून बघितलं.

"...बाबा, एका मागाचा तुटलेला धागा मी दुसऱ्या मागाला बांधला."

मी वळले. टॅक्सीच्या खिडकीत सर. दाढी पार शुभ्र झालेली, आणखी वाळलेले, गुडघ्यावर पिशवी. ना कशा आहात, ना कुठे असता.

"त्यांनी माग चालवलेत मालेगावला, जवानीत. त्यांना लगेच समजलं. मला विचारलं, मंग कापड कसं दिसनं?" सर खिडकीतून पुढे झुकले. "मी म्हटलं, बाबा, लय चांगलं दिसनं, गाठ कुठे कळतच नाही. तीच तर चूक. मग हसले ते."

मी काही बोलायच्या आत सिग्नल सुटला. टॅक्सी हलली, मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले. सरांनी हात वर केला, बाबांनी केला होता तसा, आणि टॅक्सी आडगावच्या बाजूला निघून गेली. मी स्कूटर कडेला घेतली आणि डोळे पुसून मग घरी गेले.